अर्ध्या मिलिमीटरचे विश्वविजेतेपद

पुढे वाचण्यापूर्वी एक लहानसे काम करा. पिवळ्या कागदातून ८ से.मी. व्यासाची एक गोल चकती कापा. साधारण तुमच्या तळहाताच्या रुंदीएवढी होईल. ती शाळेच्या भिंतीला चिकटवा आणि टेपने मोजून बरोबर ५० मीटर मागे जा. इस्लामपूरच्या कोणत्याही मोठ्या शाळेच्या मैदानावर एवढी जागा सहज मिळेल. आता वळून चकतीकडे पाहा. भिंतीवर एक पिवळा ठिपका दिसेल, त्याहून अधिक काही नाही.

या ठिपक्यावर पंधरा बाण मारायचे. प्रत्येक बाणाला वेळ फक्त २० सेकंद. समोर जगातील उत्तम खेळाडूंपैकी एक उभी आहे आणि तीही असेच बाण मारते आहे. पंधरापैकी चौदा बाण या चकतीत लागले आणि एक तिच्या किंचित बाहेर गेला, तर १५० पैकी १४९ गुण होतात. ५ ऑगस्ट २०२३ रोजी जर्मनीतील बर्लिन येथे जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात साताऱ्याच्या अदिती स्वामीने नेमके एवढेच गुण मिळवले. मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा हिचे गुण झाले १४७. दोन गुणांच्या फरकाने अदिती कंपाउंड प्रकारातील जगज्जेती ठरली. तेव्हा तिचे वय होते १७ वर्षे. वरिष्ठ गटात इतक्या लहान वयात विश्वविजेतेपद मिळवणारी ती पहिलीच तिरंदाज, आणि तिरंदाजीत वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळवणारीही ती पहिलीच भारतीय.

वर्तमानपत्रांनी ‘एकाग्रता’, ‘जिद्द’, ‘लक्ष्यवेध’ असे शब्द वापरून तिचे कौतुक केले. ते योग्यच होते. पण आपण विज्ञानाचे विद्यार्थी. आपण वेगळा प्रश्न विचारू. ५० मीटरवरच्या त्या ठिपक्यात बाण पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, त्यात धनुष्याचा वाटा किती आणि माणसाचा किती?

शेरेवाडीहून बर्लिनला

इस्लामपूरहून पेठ नाक्यावर येऊन महामार्गाने उत्तरेला निघाले, की कराडच्या पुढे सातारा लागते. या सगळ्या पट्ट्यात खेळ म्हटला की कुस्ती आणि कबड्डी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तालीम आणि लाल माती आपल्या परिचयाची आहे. त्या मानाने तिरंदाजी मात्र इकडे नवखी.

अदितीचे गाव शेरेवाडी, सातारा शहरापासून सुमारे १५ कि.मी. वर. वडील शाळेत गणिताचे शिक्षक, आई ग्रामसेविका. मुलांना खेळाच्या सोयी मिळाव्यात म्हणून हे कुटुंब साताऱ्यात राहायला आले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास अदितीने शाहू स्टेडियमवर तिरंदाजीचा सराव पाहिला आणि हाच खेळ तिला आवडला. प्रवीण सावंत हे तिचे प्रशिक्षक. त्यांची दृष्टी तिरंदाजी अकादमी उसाच्या शेतात उभी आहे. उसाच्या फडाशेजारी लक्ष्ये मांडायची आणि रोज शेकडो बाण मारायचे, असा तेथील परिपाठ.

कंपाउंड धनुष्य महाग असते. धनुष्य, बाण आणि इतर साहित्य मिळून खर्च लाखांच्या घरात जातो. शिक्षकाच्या पगारात हे बसणारे नव्हते. वडिलांनी कर्ज काढले. मुलीच्या हातात आलेले धनुष्य म्हणजे घरावरचे कर्जही होते, हे लक्षात ठेवा. पुढे आपण अर्ध्या मिलिमीटरची आणि एका गुणाची गोष्ट करणार आहोत. त्या गुणामागे काय पणाला लागलेले असते ते यावरून कळेल.

२०२३ हे वर्ष तिच्या कष्टांना फळ देणारे ठरले. जून महिन्यात कोलंबियातील मेडेयिन येथील विश्वचषक स्पर्धेत तिने पात्रता फेरीत ७२ बाणांत ७२० पैकी ७११ गुण मिळवून १८ वर्षांखालील गटाचा जागतिक विक्रम केला. जुलैत आयर्लंडमधील लिमरिक येथे ती १८ वर्षांखालील विश्वविजेती झाली. ऑगस्टच्या आरंभी बर्लिनला आधी ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासह सांघिक सुवर्णपदक आणि दुसऱ्याच दिवशी वैयक्तिक सुवर्णपदक. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये जगज्जेता झाला. त्याने तर १५० पैकी १५० गुण मिळवले. तोही प्रवीण सावंत यांच्याकडेच सराव करणारा.

७११ गुण म्हणजे काय, हे स्वतः मांडून पाहा. ७२ बाणांपैकी जास्तीत जास्त नऊ बाण त्या ८ से.मी. च्या चकतीबाहेर गेले असतील. बाकीचे सारे, म्हणजे निदान ६३, चकतीतच.

धनुष्य म्हणजे ऊर्जेची पेढी

आता धनुष्याकडे वळू. बांबूची कामठी वाकवून तिला दोरी बांधली की साधे धनुष्य तयार होते. दोरी ओढताना तुम्ही कार्य करता. हे कार्य वाकलेल्या कामठीत स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठते. दोरी सोडली की तीच ऊर्जा गतिज ऊर्जा होऊन बाणाला मिळते. पेढीत पैसा ठेवावा आणि एकदम काढावा, तसा हा व्यवहार.

साध्या धनुष्याची एक अडचण आहे. स्प्रिंगप्रमाणेच ते जितके अधिक ओढावे तितके अधिक जोर लावून परत खेचते. म्हणजे सर्वांत जास्त जोर लागतो तो दोरी पूर्ण ताणलेली असताना. नेमके त्याच वेळी तिरंदाजाला स्थिर राहून नेम धरायचा असतो! पाण्याने भरलेली घागर हात लांब करून धरा आणि त्याच वेळी सुईत दोरा ओवा, असे सांगण्यासारखेच हे.

अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन याने या अडचणीवर एक उपाय शोधला. त्याने १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते त्याला मिळाले. त्याने धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके बसवली. पण ही चाके विहिरीवरच्या रहाटासारखी नव्हती. रहाटाचा आस चाकाच्या बरोबर मध्यभागी असतो. ॲलनच्या चाकाचा आस एका बाजूला सरकवलेला होता. अशा चाकाला विकेंद्री चाक म्हणतात. आजच्या धनुष्यावर त्याच तत्त्वाची पण अधिक गुंतागुंतीच्या आकाराची चाके असतात आणि त्यांना ‘कॅम’ म्हणतात. या धनुष्यालाच कंपाउंड धनुष्य असे नाव आहे.

आस बाजूला सरकवल्याने काय होते? वर्गाचे दार उघडताना बिजागरीजवळ ढकलून पाहा. जोर लावूनही दार हलत नाही. आता मुठीजवळ ढकला, करंगळीने ढकलले तरी दार उघडते. बलाचे आघूर्ण म्हणजे बल गुणिले आसापासूनचे अंतर, हे तुम्ही शिकला आहात. कॅम फिरू लागतो तेव्हा हातातील दोरी आसाच्या जवळ असते, म्हणजे तुम्ही बिजागरीजवळ ढकलत असता आणि जोर जास्त लागतो. दोरी ओढत जाल तसा कॅम फिरतो, दोरी आसापासून दूर जाते आणि धनुष्याच्या बाहूंना वाकवणारी तार आसाच्या जवळ येते. आता तुम्ही मुठीजवळ ढकलत आहात. बाहू पूर्ण वाकलेले आहेत, त्यांच्यात ऊर्जा भरलेली आहे, पण ती थोपवून धरायला तुम्हाला पूर्वीच्या पाव हिश्श्याइतकाच जोर पुरतो.

थोडा हिशेब

उदाहरणासाठी सोयीचे आकडे घेऊ. दोन धनुष्ये आहेत, एक साधे आणि एक कंपाउंड. दोन्हींना जास्तीत जास्त बल २०० न्यूटन लागते, म्हणजे सुमारे २० कि.ग्रॅ. वजन उचलण्याइतके. दोन्हींची दोरी ५० से.मी. ओढायची आहे.

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर बल घ्या. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे साठलेली ऊर्जा. साध्या धनुष्याचा आलेख तिरकी सरळ रेषा येतो आणि खाली त्रिकोण तयार होतो. त्याचे क्षेत्रफळ ½ × २०० × ०.५ = ५० ज्यूल.

कंपाउंड धनुष्यात पहिल्या १२ से.मी. मध्येच बल शून्यापासून २०० न्यूटनपर्यंत चढते, पुढचे २४ से.मी. ते तेवढेच राहते आणि शेवटच्या १४ से.मी. मध्ये ५० न्यूटनपर्यंत उतरते, असे समजा. तिन्ही भागांची क्षेत्रफळे १२, ४८ आणि १७.५. एकूण ७७.५ ज्यूल. म्हणजे तेवढ्याच ताकदीच्या खेळाडूने दीडपट ऊर्जा साठवली आणि नेम धरताना तिच्या हातावर भार राहिला २० कि.ग्रॅ. ऐवजी फक्त ५ कि.ग्रॅ. चा!

२० ग्रॅम वजनाचा बाण सेकंदाला ८० मीटर वेगाने सुटला, तर त्याची गतिज ऊर्जा ½ × ०.०२ × ८० × ८० = ६४ ज्यूल होते. उरलेली सुमारे १३ ज्यूल ऊर्जा दोरी, कॅम आणि बाहू यांची हालचाल, कंपने आणि आवाज यांत जाते. येथे एक इशारा. बाण न लावता नुसती दोरी कधीही ओढून सोडू नये. मग ती सगळी ऊर्जा घेऊन जायला बाणच नसतो. ती धनुष्यातच उसळते, धनुष्य फुटते आणि माणसाला इजा होते.

पण खरी गंमत पुढे आहे. समजा, एखाद्या वेळी दोरी १ से.मी. कमी ओढली गेली. साध्या धनुष्यात या शेवटच्या सेंटिमीटरला २०० न्यूटन बल लागत होते. तेव्हा २ ज्यूल ऊर्जा कमी पडली, म्हणजे ५० पैकी ४ टक्के. कंपाउंड धनुष्यात शेवटच्या सेंटिमीटरला सुमारे ५० न्यूटनच लागत होते. तेथे कमी पडली अर्धा ज्यूल, म्हणजे ७७.५ पैकी १ टक्क्याहूनही कमी. माणसाच्या लहान चुकीला हे धनुष्य इतके क्षमाशील आहे. शिवाय त्याची दोरी एका ठरावीक जागी येऊन अडते, त्यामुळे अशी चूकही क्वचितच होते.

बाण सरळ जात नाही

सेकंदाला ८० मीटर वेगाने निघालेल्या बाणाला ५० मीटर जायला ५० ÷ ८० = ०.६२५ सेकंद लागतात. हवेचा रोध सध्या सोडून देऊ. एवढ्या वेळात गुरुत्वामुळे बाण किती खाली येईल? ½ × ९.८ × ०.६२५ × ०.६२५ = सुमारे १.९१ मीटर. उंच माणसाच्या उंचीपेक्षाही जास्त! म्हणजे दहा गुणांच्या वर्तुळात बाण बसवायचा, तर तो मध्यबिंदूच्या जवळजवळ दोन मीटर वर रोखून सोडावा लागतो. धनुष्यावरील नेमदर्शक खाली-वर सरकवून ही दुरुस्ती आधीच केलेली असते. खेळाडूची दृष्टी मध्यबिंदूवर असते, बाणाचे टोक मात्र त्याच्या वर रोखलेले असते.

आता बाणाचा वेग सेकंदाला ८० ऐवजी ७९ मीटर झाला असे धरा. तोच हिशेब पुन्हा करा. बाण १.९६ मीटर खाली येईल, म्हणजे पहिल्यापेक्षा सुमारे ५ से.मी. अधिक. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या ४ से.मी. आहे. वेगात सेकंदाला एका मीटरचा फरक पडला आणि मध्यबिंदूवर रोखलेला बाण नऊच्या वर्तुळात गेला. सगळे बाण एकाच वजनाचे, एकाच लांबीचे आणि सारख्याच पिसांचे का लागतात, हे आता ध्यानात येईल.

धनुष्य थोडे कलले तर? गवंडी भिंत बांधताना पाणसळ लावतो, तशीच हवेचा बुडबुडा असलेली एक चिमुकली पाणसळ कंपाउंड धनुष्याच्या नेमदर्शकात बसवलेली असते. धनुष्य उभ्या रेषेपासून एका अंशाने जरी कलले, तरी वर रोखण्याची १.९१ मीटरची दुरुस्ती तेवढीच बाजूला वळते. बाण सुमारे ३.३ से.मी. आडवा जातो आणि जेमतेम दहात राहतो. म्हणून बाण सोडण्यापूर्वी बुडबुडा मध्यावर आहे ना, हे पाहावे लागते.

धनुष्याला पुढे आणि बाजूला लांब दांड्या का असतात, असेही तुम्ही विचाराल. दोरीवरून चालणारा डोंबारी हातात लांब बांबू धरतो, त्याच कारणाने. आसापासून दूर ठेवलेल्या वजनामुळे जडत्व-आघूर्ण वाढते. मग हाताच्या बारीकशा थरथरीने धनुष्य एकदम वळत नाही, त्याची हालचाल संथ होते.

मग माणसाचे काम काय?

इतके सगळे धनुष्यच करते, तर माणसाला काय उरले? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. उत्तर समरूप त्रिकोणांनी काढता येईल.

बाणाची लांबी ७० से.मी. धरा. लक्ष्य ५० मीटरवर. ५० ला ०.७ ने भागले तर उत्तर सुमारे ७१ येते. याचा अर्थ, बाणाचे पुढचे टोक जागच्या जागी राहून मागचे टोक जेवढे सरकेल, त्याच्या ७१ पट चूक लक्ष्यावर होईल. मध्यबिंदूपासून दहाच्या वर्तुळाच्या कडेपर्यंत अंतर ४० मि.मी. त्याला ७१ ने भागा. उत्तर येते ०.५६ मि.मी. मागचे टोक अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक सरकले की बाण कडेवर पोचला! पेन्सिलीच्या शिशाच्या जाडीपेक्षाही ही हालचाल लहान आहे. अदितीने अंतिम सामन्यात पंधरापैकी चौदा वेळा या मर्यादेत राहून दाखवले.

येथे धनुष्य फारशी मदत करू शकत नाही. ते बळ देते, भार हलका करते, पण ते कुठे रोखायचे हे हातच ठरवतो. आणि मानवी हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. स्नायू थरथरतात, छातीत हृदय ठोके देते, श्वासाबरोबर खांदे हलतात. स्पर्धेत मन अस्वस्थ झाले की शरीरात ॲड्रिनॅलिन स्रवते, ठोके वाढतात आणि थरथरही वाढते. म्हणजे ज्या बाणावर सर्वांत जास्त अवलंबून आहे, त्याच बाणाच्या वेळी हात सर्वांत कमी स्थिर असतो.

यावर तिरंदाजांचा उपाय मोठा मजेशीर आहे. ते थरथर थांबवायचा हट्ट धरत नाहीत. नेमदर्शक मध्यबिंदूभोवती हळूहळू तरंगत राहतो, त्याला तसेच तरंगू देतात. कंपाउंड तिरंदाज दोरी बोटांनी धरत नाहीत. हातात एक लहान खटका असतो, त्याला ‘रिलीज’ म्हणतात. ‘आता मध्यावर आले, दाब!’ असे म्हणून खटका दाबला तर बोटाच्या झटक्याने धनुष्य हलते. म्हणून अनेक तिरंदाज पाठीचे स्नायू सावकाश आवळत राहतात आणि खटका आपोआप सुटू देतात. बाण नेमका कोणत्या क्षणी सुटणार हे खेळाडूलाही पुरते ठाऊक नसते. त्यामुळे शरीराला दचकायला वेळच मिळत नाही. हे वाचायला सोपे आहे. हजारो वेळा केल्यावाचून ते अंगवळणी पडत नाही.

अचूकपणा आणि एकसारखेपणा

प्रयोगशाळेत तुम्ही मापने घेता तेव्हा दोन प्रकारच्या त्रुटी येतात. एक पद्धतशीर त्रुटी. मोजपट्टीचे टोक झिजलेले असले तर प्रत्येक माप सारख्याच प्रमाणात चुकते. दुसरी यादृच्छिक त्रुटी. प्रत्येक वेळी डोळा थोडा इकडे-तिकडे झाला की मापे विखुरतात.

तिरंदाजीत या दोन्ही त्रुटी डोळ्यांनी पाहता येतात. समजा, एका मुलीचे सहाही बाण डावीकडे नऊच्या वर्तुळात, पण एकमेकांना चिकटून बसले. दुसरीचे सहा बाण चारी बाजूंना विखुरले, त्यांतील दोन मात्र दहात लागले. आज दुसरीचे गुण थोडे जास्त असतील. पण प्रशिक्षक कोणावर खूष होईल? पहिलीवर. तिचा नेमदर्शक थोडा डावीकडे सरकवला की दुरुस्ती झाली, सहाही बाण दहात जातील. दुसरीच्या नेमदर्शकाला कितीही फिरवा, काही उपयोग नाही. तिला आधी स्वतःला एकसारखे व्हायला शिकावे लागेल. पायांतील अंतर, हाताची पकड, दोरी गालाला टेकण्याची जागा, मानेचा कोन, श्वास, हे सारे प्रत्येक बाणाला तेच हवे.

उसाच्या शेतातील सरावात रोज हेच घडते. लक्ष्य फक्त मोजपट्टीचे काम करते. खेळाडू मोजत असते ती स्वतःला. वरवर पाहता कंटाळवाणी वाटावी अशी ही तपश्चर्या आहे. पण ‘नेम’ ही जन्मतः मिळणारी देणगी आहे, ही समजूत तिच्यामुळेच खोटी ठरते.

एकदा जिंकले म्हणजे संपले का?

एकसारखेपणा वाढवता येतो, पण विखुरणे शून्यावर आणता येत नाही. म्हणून या खेळात कोणी कायमचा जेता नसतो. बर्लिनच्या उपांत्य सामन्यात अदितीने आपली अनुभवी सहकारी ज्योती सुरेखा वेन्नम हिला १४९–१४५ असे हरवले होते. दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत पुन्हा त्याच दोघी उपांत्य सामन्यात समोरासमोर आल्या. या वेळी ज्योतीने १४९–१४६ अशी बाजी मारली आणि पुढे सुवर्णपदकही जिंकले. अदितीने कांस्यपदकाचा सामना जिंकला. सांघिक सामन्यात मात्र दोघी एका बाजूने परनीत कौरसह उभ्या राहिल्या आणि चिनी तैपेईला २३०–२२९ असे हरवून भारताला सुवर्णपदक मिळाले. येथे फरक होता एकाच गुणाचा. कोणत्या तरी एका बाणाचे मागचे टोक अर्धा मिलिमीटर इकडे की तिकडे, एवढाच!

२०२३ सालच्या अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांत अदिती आणि ओजस दोघेही होते. २०२४ मध्ये ज्योती, अदिती आणि परनीत यांच्या संघाने शांघाय, येचॉन आणि अंताल्या या विश्वचषकाच्या ओळीने तिन्ही स्पर्धांत सांघिक सुवर्णपदके मिळवली. तरीही भारतीय संघात स्थान मिळवायचे तर निवड चाचणी द्यावीच लागते आणि मागचे विश्वविजेतेपद त्या चाचणीत एकही गुण देत नाही.

आणखी एक गोष्ट. जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकार १९९५ पासून आहे, पण ऑलिंपिकमध्ये तो नव्हता. तेथे रिकर्व्ह धनुष्यच चालत असे, म्हणजे चाके नसलेले, ७० मीटरवर बाण मारणारे. त्यामुळे जगज्जेती असूनही अदितीला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे दार बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकसाठी कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला मान्यता दिली. म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी. दार थोडेसे उघडले आहे. भारताकडून त्यातून आत जाणार फक्त दोघे, आणि ते कोण हे पुन्हा बाणच ठरवतील.

वर्गात करून पाहा

धनुष्यबाणाशिवायही हा विषय अनुभवता येतो. ५० मीटरवरील ८ से.मी. ची चकती डोळ्याला जेवढी दिसते, तेवढीच ५ मीटरवरील ८ मि.मी. ची चकती दिसते. शर्टाच्या बटणापेक्षाही लहान! खडूने भिंतीवर एवढा ठिपका काढा, ५ मीटरवर उभे राहा, हात लांब करून बोट त्यावर रोखा आणि एक डोळा मिटून ते किती तरंगते ते पाहा. मग वर्गाभोवती एक चक्कर धावून या आणि पुन्हा पाहा.

दुसरा प्रयोग. जमिनीवर एक फुली काढा आणि तीन मीटरवरून वाळूने भरलेली लहान पिशवी तिच्यावर दहा वेळा टाका. प्रत्येक वेळी ती पडली ती जागा खडूने दाखवा. आता दोन गोष्टी मोजा. दहा खुणांचा मध्य फुलीपासून किती दूर आहे? आणि खुणा त्या मध्याभोवती किती विखुरल्या आहेत? पहिला आकडा तुमची पद्धतशीर त्रुटी, दुसरा यादृच्छिक. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, महिनाभर रोज दहा वेळा पिशवी टाका आणि महिन्याच्या शेवटी पुन्हा मोजा. पहिला आकडा एका दिवसात सुधारेल. दुसरा फार हळू कमी होईल, पण कमी होईल. त्याचा आलेख काढून आपल्या शिक्षकांना जरूर दाखवा.